घरगुती चित्रफितींचे जतन : हार्डवेअरचा वेग आणि सॉफ्टवेअरचा संयम



इंदूर शहराचे आणि मराठी भाषेचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या लष्कराबरोबर आणि दफ्तराबरोबर अनेक मराठी कुटुंबे माळव्यात आली. ६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर येथे स्थिर झाली आणि मराठी वस्तीही येथे रुजली. या घरांतून आजही जी मराठी बोलली जाते, तिला स्वतःचे असे इंदुरी वळण आहे. हिंदी आणि माळवी यांच्या सहवासाने तिचे काही शब्द बदलले, हेल बदलला. गोडवा मात्र कायम राहिला. ही बोली पुस्तकांत क्वचितच उतरते. ती ऐकावयाची तर घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून, आणि ती मंडळी गेल्यानंतर त्यांच्या मुद्रित आवाजातून.

हे मुद्रित आवाज बहुतांशी कपाटांतील व्हिडिओ कॅसेटांत आहेत. १५ ऑगस्ट १९८२ पासून दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्ली येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या, आणि त्यानंतरच्या काळात व्हिडिओ चित्रीकरण मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचले. लग्न, मुंज, वास्तुशांत, आजोबांची सहस्रचंद्रदर्शन शांत, गल्लीतील गणेशोत्सव असे किती तरी प्रसंग चुंबकीय फितीवर उतरले. त्या फितीला आता तीस-चाळीस वर्षे झाली आहेत. दमट हवेत तिच्यावर बुरशी धरते, तिच्यावरील चुंबकीय लेप झिजतो, आणि ती चालविणारी यंत्रेही दुर्मीळ झाली आहेत. व्हीसीआर बनविणारी अखेरची कंपनी म्हणून ओळखल्या गेलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले.

म्हणूनच या फिती संगणकावर उतरवून घरातच एक दृक्‌श्राव्य संग्रह उभारण्याची प्रथा वाढत आहे. त्या संग्रहाची वाटचाल ज्या एका तांत्रिक निवडीवर अवलंबून असते, तिचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. चित्रफितीचे एका रूपातून दुसऱ्या रूपात परिवर्तन करावयाचे, म्हणजेच ट्रान्सकोडिंग करावयाचे, ते हार्डवेअरकडून की सॉफ्टवेअरकडून, ही ती निवड होय. वरवर पाहता हा यंत्रज्ञांचा विषय वाटतो. तथापि, चुकीच्या वेळी चुकीची पद्धत वापरल्यास जे नष्ट होते ते परत मिळत नाही. या कारणाने प्रत्येक कुटुंबाने तो समजून घेणे अगत्याचे आहे.

घरातील मीडिया सर्व्हर

मीडिया सर्व्हर म्हणजे सदैव चालू राहणारा एक लहानसा संगणक. त्याच्या डिस्कवर चित्रफिती, गाणी व छायाचित्रे साठविलेली असतात, आणि घरातील दूरदर्शन संच, मोबाईल किंवा लॅपटॉप त्याच्याकडे जे मागेल ते तो पाठवितो. प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन ही या कामाची प्रचलित सॉफ्टवेअर होत. पैकी जेलीफिन हे २०१८ च्या अखेरीस एम्बीपासून वेगळे झाले असून ते पूर्णतः मुक्त व विनामूल्य आहे.

एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आई इंदुरात राहते आणि बैठकीतील मोठ्या संचावर मुलाच्या मुंजीची चित्रफीत पाहते. तो मुलगा आता पुण्यास असून लोकलच्या प्रवासात मोबाईलवर तीच फीत उघडतो. नात परदेशी शिकते. ती लॅपटॉपच्या ब्राउझरवर पाहते. फीत एकच, परंतु पाहणारी साधने तीन आणि तिघांची क्षमता वेगळी. मोठ्या संचाला मूळ फीत जशीच्या तशी चालते. मोबाईलला जाळे अशक्त असल्याने तिचे हलके रूप हवे असते. नातीच्या ब्राउझरला ती ज्या पद्धतीने आवळली आहे ती पद्धतच कदाचित उमगत नाही. अशा वेळी सर्व्हर मूळ फीत उलगडतो, पाहणाऱ्याला मानवेल अशा रूपात ती पुन्हा आवळतो आणि क्षणोक्षणी पाठवीत राहतो. हे सारे पाहणाऱ्याला न थांबविता घडावे लागते.

आवळण्याची गरज आणि तिचे गणित

चित्रफीत आवळावीच का लागते, हे साध्या गणिताने स्पष्ट होते. पूर्ण एचडी चित्राची एक फ्रेम १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख चित्रबिंदूंची असते. प्रत्येक बिंदूस सरासरी दीड बाइट धरल्यास एका फ्रेमला सुमारे ३१ लाख बाइट लागतात. सेकंदाला २५ फ्रेम या हिशेबाने एका सेकंदाला जवळजवळ ७८ मेगाबाइट, आणि एका तासाला सुमारे २८० गीगाबाइट होतात. तीच फीत सेकंदाला ८ मेगाबिट या गतीने आवळली तर एका तासाला अवघे ३.६ गीगाबाइट पुरतात. मूळच्या सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या भागात चित्र बसते आणि तरीही डोळ्याला ते बहुतेक वेळा पूर्ण वाटते.

ही किमया दोन तत्त्वांवर उभी आहे. पहिले असे की, लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये फारच थोडा फरक असतो. मांडवात गुरुजी बसलेले आहेत, मागील भिंत हललेली नाही; मग भिंत पुन्हा पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. कोणता तुकडा कोठून कोठे सरकला एवढेच लिहिले तरी चालते. दुसरे तत्त्व असे की, चित्रातील बारीकसारीक चढउतार डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, ते कमी अचूकतेने लिहिता येतात. त्यासाठी चित्राचे लहान चौकोन करून प्रत्येकावर डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म नावाची गणिती क्रिया केली जाते. बेंगळुरू येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये हे तंत्र प्रसिद्ध केले. आज जगभर पाहिल्या जाणाऱ्या बहुतेक चित्रफितींच्या मुळाशी हे तंत्र किंवा त्याची सुधारलेली रूपे आहेत, ही गोष्ट भारतीयांना अभिमानास्पद वाटावी अशी आहे.

याच पायावर पुढे एकामागून एक प्रमाणपद्धती निघाल्या. व्हीसीडीची एमपेग-१, डीव्हीडीची एमपेग-२, २००३ मधील एच-२६४, २०१३ मधील एच-२६५ अथवा एचईव्हीसी, आणि २०१८ मधील एव्ही-१ या त्यांपैकी प्रमुख होत. प्रत्येक नवी पद्धत कमी जागेत तेच चित्र बसविते; मात्र त्यासाठी अधिक गणित मागते.

एकच नियम, दोन कारागीर

येथे एक मर्म ध्यानात घेतले पाहिजे. प्रमाणपद्धती फीत उलगडावी कशी हे काटेकोरपणे ठरवून देते. ती आवळावी कशी हे ठरवून देत नाही. उलगडणारा कोणीही असो, त्याच आकड्यांतून तेच चित्र निघाले पाहिजे. आवळणाऱ्यास मात्र मोकळीक आहे. एखादा तुकडा कोठून सरकला याचा शोध जवळच घ्यावा की दूरवर घ्यावा, पुढच्या किती फ्रेम अगोदर पाहून ठेवाव्यात, कोणत्या भागाला अधिक जागा द्यावी आणि कोठे काटकसर करावी, हे सारे त्याच्या कसबावर सोडलेले असते. हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर यांतील सारा भेद या मोकळिकीत आहे.

इंदूरच्या श्रोत्यांना हा भेद महेश्वरच्या उदाहरणाने सहज पटेल. अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयाने नर्मदाकाठी वाढलेल्या हातमागावर विणकर प्रत्येक धाग्यापाशी थांबू शकतो, किनार बदलू शकतो, चुकले तर उकलून पुन्हा विणू शकतो. यंत्रमागाची चाल एकदा बांधली की ती तशीच राहते. परंतु तो तेवढ्याच वेळात कितीतरी वार कापड उतरवितो. दोन्हींची समाजाला गरज आहे. रोजच्या वापराच्या चादरीसाठी कोणी हातमाग शोधीत बसत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या जपावयाचे लुगडे कोणी घाईने विणून घेत नाही.

सॉफ्टवेअर पद्धतीत हे काम संगणकाचा सर्वसाधारण प्रोसेसर करतो. २००० साली सुरू झालेला एफएफएमपेग हा मुक्त संच आणि त्याच्या जोडीला येणारे एक्स-२६४ व एक्स-२६५ हे आवळक ही यातील प्रमुख साधने होत. त्यांना किती संयमाने काम करावयाचे ते सांगता येते. अतिशीघ्र ते अतिसावकाश अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. पायरी जितकी सावकाश, तितका शोध खोल आणि तितके कमी जागेत चांगले चित्र.

हार्डवेअर पद्धतीत हेच काम चिपवर कायमच्या कोरलेल्या खास मंडलाकडे सोपविलेले असते. इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक या नावाने ते आपल्या प्रोसेसरमध्ये बसविले. २०१२ मध्ये एनव्हिडियाने एनव्हेंक नावाने आपल्या ग्राफिक्स कार्डांत ते आणले; एएमडीनेही त्याच सुमारास आपले मंडल दिले. हे मंडल दुसरे कोणतेही काम करीत नाही, म्हणूनच ते वेगवान असते व अल्प विजेवर चालते. मात्र त्याचा शोधाचा परीघ ठरलेला असतो, आणि जी पद्धत त्यावर कोरलेली नाही ती त्याला नंतर शिकविता येत नाही. उदाहरणार्थ, एव्ही-१ पद्धतीने आवळू शकणारी घरगुती वापराची ग्राफिक्स कार्डे २०२२ मध्ये बाजारात आली. त्यापूर्वीच्या कार्डांना ते काम कोणत्याही उपायाने येणार नाही. सॉफ्टवेअरला मात्र जुन्या संगणकावरही नवी पद्धत शिकविता येते, मग ते कितीही सावकाश चालो.

अक्षतांची कसोटी

गुणवत्तेतील अंतर कोठे दिसते? स्थिर चित्रात ते सहसा दिसत नाही. मंगलाष्टके संपतात आणि वधूवरांवर अक्षतांचा वर्षाव होतो, तेव्हा ते उघडे पडते. शेकडो बारीक दाणे वेगवेगळ्या दिशांनी उडतात. मागच्या फ्रेममधील कोणता तुकडा कोठे गेला याचा मेळ लागत नाही. होमाचा धूर, पावसाच्या धारा, रेशमी पदराची चमक, अंधाऱ्या सभागृहातील नाट्यप्रयोग, ही सारी अशीच कठीण दृश्ये होत. सेकंदाला ठराविक जागा दिलेली असताना घाईत आवळलेल्या फितीत अशा ठिकाणी चौकोनी ठिगळे उमटतात आणि चेहरे पुसट होतात. सावकाश चालणारे सॉफ्टवेअर ही वेळ अगोदर हेरते, सोप्या दृश्यांतून जागा वाचविते आणि ती कठीण दृश्यांवर खर्च करते.

जुन्या व्हिडिओ कॅसेटांच्या बाबतीत अडचण दुहेरी असते. त्यांच्या चित्रात मुळातच खरखर असते, आणि ही खरखर प्रत्येक फ्रेममध्ये निराळी असल्याने आवळकाला ती सतत हालचाल करणाऱ्या वस्तूसारखी भासते. परिणामी जागेचा मोठा भाग खरखरीवर खर्च होतो आणि आजीचा चेहरा उपाशी राहतो.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पहिल्या पिढीच्या हार्डवेअरची जी कीर्ती होती, ती आजच्या हार्डवेअरला लावणे योग्य नाही. गेल्या काही वर्षांत ही मंडले पुष्कळ सुधारली आहेत. पुरेशी जागा दिली, तर सामान्य प्रेक्षकाला दोन्हींतील फरक ओळखता येणे कठीण जाते. मात्र जागा कमी पडू लागली की सावकाश चालणाऱ्या सॉफ्टवेअरची सरशी आजही टिकून आहे.

विजेचा हिशेब

विजेच्या बचतीचा मुद्दा नेहमी हार्डवेअरच्या बाजूने मांडला जातो. त्याचा हिशेब मांडून पाहणे इष्ट होईल. समजा, रोज दोन तास चालणाऱ्या परिवर्तनासाठी सॉफ्टवेअर पद्धतीत ८० वॉट जादा वीज लागते आणि हार्डवेअर पद्धतीत १५ वॉट. फरक ६५ वॉटचा. दोन तासांचा ०.१३ युनिट, वर्षाचा सुमारे ४७ युनिट. ही बचत खरी आहे, परंतु फार मोठी नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न सर्व्हर रिकामा बसलेला असताना किती वीज घेतो हा आहे, कारण तो दिवसाचे चोवीस तास चालू असतो. १५ वॉटचे छोटे यंत्र वर्षाला सुमारे १३१ युनिट घेते. जुना, अवजड संगणक ७० वॉट घेत असेल तर तोच आकडा सुमारे ६१३ युनिटांवर जातो. तेव्हा हार्डवेअर पद्धतीचा खरा लाभ असा की, तिच्यामुळे लहान आणि शांत यंत्रही एकाच वेळी घरातील अनेकांची मागणी पुरी करू शकते. मोठे यंत्र बाळगण्याची गरजच उरत नाही.

आता दुसरी बाजू पाहावी. तीन तासांची एक कॅसेट सावकाश सॉफ्टवेअरने आवळण्यास समजा सहा तास लागले आणि तेवढा वेळ ८० वॉट जादा वीज खर्च झाली, तर तो खर्च ०.४८ युनिट होतो. वीस कॅसेटांना दहा युनिटांहूनही कमी. हे काम एकदाच करावयाचे असते, आणि ते रात्री घरचे झोपले असताना करता येते. पुढच्या पिढ्यांसाठी ठेवावयाच्या प्रतीवर एवढा खर्च कोणत्याही कुटुंबाला जड वाटू नये.

व्हीसीडीचा धडा

घाईच्या परिवर्तनाने काय गमावले जाते, याचे उदाहरण याच देशात घडून गेले आहे. १९९३ साली व्हीसीडी निघाली आणि पुढील दहा-बारा वर्षांत ती भारतात घरोघर गेली. अनेक कुटुंबांनी लग्नाच्या कॅसेटा दुकानात देऊन त्यांच्या व्हीसीडी करून घेतल्या. चकती सुबक, टिकाऊ आणि आधुनिक वाटत होती. आता कॅसेटचे काय काम, असे म्हणून पुष्कळांनी मूळ कॅसेटा टाकून दिल्या किंवा त्यांवर दुसरे काही मुद्रित केले.

प्रत्यक्षात काय झाले होते? भारतातील पाल पद्धतीचे चित्र संगणकावर ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे धरले जाते. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे, म्हणजे त्याच्या चौथाईहूनही किंचित कमी असते. कॅसेटवर सेकंदाला पन्नास अर्धचित्रे असतात. एकाआड एक ओळींची ती अर्धचित्रे मिळून हालचाल ओघवती दिसते. व्हीसीडीच्या पद्धतीत अशा अर्धचित्रांना स्थान नसल्याने निम्मी हालचाल तेथेच गळून पडली. मूळ कॅसेट शिल्लक असती, तर आज चांगल्या यंत्रावर ती पुन्हा उतरविता आली असती. ती नसल्यामुळे जगातील कोणतेही हार्डवेअर अथवा सॉफ्टवेअर ती ओघवती हालचाल परत आणू शकत नाही.

चित्रपटसृष्टीनेही असाच घाव सोसला आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची आज एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोपर्यंत मूकपटांच्या काळातील बहुतेक ठेवा नाहीसा झाला होता. घरगुती चित्रफितींसाठी असे संग्रहालय नाही. प्रत्येक घर हेच तिचे संग्रहालय आहे आणि घरातील जाणती व्यक्ती हीच तिची अभिरक्षक आहे.

परिवर्तन टाळणे हाच उत्तम मार्ग

श्रोतेहो, दोन्ही पद्धतींच्या तुलनेत एक तिसरी गोष्ट बहुधा विसरली जाते. फितीचे प्रत्येक परिवर्तन थोडे तरी काढून घेते. म्हणून ज्या परिवर्तनाची गरजच पडत नाही, तेच सर्वांत उत्तम. पाहण्यासाठी ठेवावयाची प्रत एच-२६४ पद्धतीने आणि आवाज एएसी पद्धतीने ठेवला, तर आजचे जवळजवळ प्रत्येक साधन ती थेट चालविते आणि सर्व्हरला केवळ पोहोचविण्याचे काम उरते. एचईव्हीसी पद्धत जागा वाचविते. परंतु सर्वच जुने संच आणि ब्राउझर ती सारख्या खात्रीने चालवीत नाहीत.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत येथे आणखी एक बारकावा आहे. परदेशी वाढलेल्या नातवंडांसाठी काही जण फितीला उपशीर्षके जोडतात. ती साध्या मजकुराच्या स्वरूपात असावीत. मजकुराची उपशीर्षके पाहणारे साधन स्वतःच चित्रावर दाखविते. ती चित्ररूपात असतील, किंवा साधनाला देवनागरी जोडाक्षरे नीट मांडता येत नसतील, तर सर्व्हरला ती अक्षरे चित्रावर कोरावी लागतात, आणि त्यापायी संपूर्ण फितीचे नव्याने परिवर्तन करावे लागते. सर्व्हरवर देवनागरीचा चांगला टंक नसेल, तर ‘ज्ञ’ आणि ‘श्र’ यांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात. उपशीर्षकांची कसोटी एकदा प्रत्येक साधनावर घेणे म्हणूनच हिताचे ठरते.

खरेदीपूर्वी घ्यावयाची दक्षता

सर्व्हरसाठी यंत्र घेताना काही गोष्टी पारखून घ्याव्यात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते आणि म्हणून क्विक सिंकही मिळत नाही. किंमत थोडी कमी असली तरी या कामासाठी ते गैरसोयीचे. राझबेरी पाय हे लहान यंत्र अनेकांचे आवडते आहे. तथापि, २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत चित्रफीत आवळण्याचे हार्डवेअर ठेवलेले नाही. ते फीत पोहोचविण्यास पुरे पडते, परिवर्तनास नाही. एनव्हिडियाच्या घरगुती कार्डांवर एकाच वेळी किती फिती आवळता येतील याला कंपनीने मर्यादा घातलेली असते. प्लेक्समध्ये हार्डवेअर पद्धत वापरण्यासाठी सशुल्क वर्गणी लागते. जेलीफिनमध्ये लागत नाही.

सर्व्हर घराबाहेरून पाहता येईल असा ठेवावयाचा असल्यास भक्कम संकेतशब्द आणि सुरक्षित खासगी जोडणी यांची तजवीज आधी करावी. त्यावर कुटुंबाचे खासगी क्षण आहेत, याचा विसर पडू नये. त्याचप्रमाणे चित्रपट, नाटके व गाणी यांच्या बाबतीत १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाची बूज राखली पाहिजे. घरच्या समारंभाची फीत वाटणे वेगळे आणि दुसऱ्याच्या कष्टाची कलाकृती वाटणे वेगळे.

तीन प्रतींची शिस्त

या सर्व विवेचनातून एक सुटसुटीत शिस्त हाती येते.

पहिली प्रत मूळ स्वरूपाची. कॅसेट संगणकावर उतरविताना ती शक्य तितक्या कमी हानीने उतरवावी आणि ती फाईल पुढे कधीही बदलू नये. साध्या कॅसेटांसाठी एफएफव्ही-१ ही कोणतीही हानी न करणारी मुक्त पद्धत उपलब्ध असून अभिलेखागारांतही ती वापरली जाते. मिनी डीव्ही कॅसेटांवरील चित्र मुळातच अंकीय असल्याने ते फायरवायर जोडणीने जसेच्या तसे उतरविता येते. ही जोडणी आजच्या बहुतेक संगणकांवर नसल्याने एखादा जुना संगणक त्यासाठी राखून ठेवावा. मिनी डीव्हीला तासाला सुमारे १३ गीगाबाइट लागतात. साठ तासांचे चित्रीकरण सुमारे ७८० गीगाबाइटमध्ये, म्हणजे एक टेराबाइटच्या एकाच डिस्कवर मावते. ही प्रत दोन डिस्कवर असावी आणि त्यांतील एक डिस्क दुसऱ्या घरी असावी. मूळ कॅसेटही टाकू नये.

दुसरी प्रत कुटुंबाने पाहावयाची. ती मूळ प्रतीवरून सॉफ्टवेअर पद्धतीने, सावकाश पायरीवर तयार करावी. येथे घाई करू नये. पन्नास अर्धचित्रांची पूर्ण चित्रे करण्याचे कामही याच टप्प्यावर, काळजीपूर्वक व्हावे, म्हणजे हालचालीचा ओघ टिकतो.

तिसरी प्रत क्षणभंगुर. मोबाईलवर पाहणाऱ्या मुलासाठी सर्व्हर ऐन वेळी जे रूप बनवितो आणि पाहून झाल्यावर टाकून देतो, ते हे. हे काम निःशंकपणे हार्डवेअरकडे सोपवावे. तेथे वेग हाच गुण आहे. थोडी ठिगळे दिसली तरी काही गमावले जात नाही, कारण दुसरी प्रत जागेवर शाबूत असते. मात्र ही तिसरी प्रत जपून ठेवण्याची चूक करू नये, आणि तिच्यावरून आणखी प्रत तर कधीच काढू नये.

शेवटची सूचना यंत्राशी संबंधित नाही, पण तिच्यावाचून बाकी सारे अपुरे आहे. प्रत्येक फितीबरोबर एक टिपण असावे : प्रसंग कोणता, सन कोणते, घर कोणत्या मोहल्ल्यातील, पंगतीत डावीकडे बसलेल्या आत्या कोणत्या, ओवी म्हणणारी आजी कोणाची. ही माहिती कोणत्याही प्रोसेसरला काढता येत नाही. ती घरातील ज्येष्ठांनाच ठाऊक असते. त्यांच्या शेजारी बसून एकेक फीत पाहावी, ते सांगतील ते लिहून घ्यावे, आणि बोलताना त्यांचा आवाजही मुद्रित करून ठेवावा. इंदुरी मराठीची ती नवी नोंद असेल.

कपाटातील कॅसेटा आणखी किती पावसाळे काढतील, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. कामाला आरंभ सर्वांत जुन्या कॅसेटपासून करावा, आणि तो या पावसाळ्यापूर्वी करावा.